तोंडावर बसलेला पतंग: 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'च्या पोस्टरची उलटतपासणी

पोस्टर डोळ्यासमोर आणा. एका बाईचा चेहरा, पूर्ण फ्रेमभर, अंगातलं रक्त काढून घेतल्यासारखा पांढराफटक, डोळे सरळ तुमच्यावर रोखलेले आणि तेही तांबूस, आणि जिथे ओठ असायला हवेत तिथे पंख पसरून बसलेला एक जाडजूड पतंग. बस्स. सुरा नाही, गज नाहीत, अंधाऱ्या रस्त्यावरून जीव खाऊन पळणारी मुलगी नाही, आणि जो सिरीयल किलर पकडायचाय तो तर कुठेच नाही. सायकॉलॉजिकल थ्रिलरच्या पोस्टरांमधला सिम्बॉलिझम असा विषय निघाला की हे पोस्टर येतंच, आणि आलं की पुढची दहा मिनिटं सगळे त्या पतंगाच्या पाठीवरच्या कवटीबद्दल बोलतात, कारण तिथे 'लपलेलं सीक्रेट' आहे. सीक्रेट आहे, नाही म्हणत नाही, त्यावर येतोच. पण माझं म्हणणं असंय की या पोस्टरमधली खरी चलाखी कवटीत नसून बघणाऱ्याला कुठे उभं केलंय त्यात आहे, आणि पिक्चर नीट आठवत असेल तर ते कळल्यावर थोडं अस्वस्थच व्हायला होतं.

आधी परिस्थिती काय होती ते बघू. थॉमस हॅरिसची कादंबरी १९८८ची, जोनाथन डेमीचा पिक्चर अमेरिकेत रिलीज झाला १४ फेब्रुवारी १९९१ला, म्हणजे चक्क व्हॅलेंटाइन डेला. कंपनी ओरायन पिक्चर्स, आणि तिची आर्थिक हालत इतकी खराब की त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. विकायचं काय होतं तर बायकांना पळवून, मारून त्यांची कातडी काढणारा एक खुनी, त्याला पकडायला माणसं खाणाऱ्या दुसऱ्या एका कैदी डॉक्टरची मदत, आणि या दोघांच्या मधे एफबीआयची एक ट्रेनी पोरगी. यातलं काहीही सरळ दाखवलं तर पोस्टर कसायाच्या दुकानाचं झालं असतं. आज आपल्याला वाटतं की त्या डॉक्टरचा, म्हणजे हॅनिबल लेक्टरचा, चेहरा टाकला असता की झालं, पण तेव्हा त्याचं काम करणारा अँथनी हॉपकिन्स अमेरिकेतल्या साध्या प्रेक्षकाला तितका माहीत नव्हता आणि अख्ख्या पिक्चरमध्ये तो दिसतो तसा थोडाच वेळ. स्टार होती ट्रेनी क्लॅरिसचं काम करणारी जोडी फॉस्टर, 'द अक्यूज्ड'साठी नुकतंच ऑस्कर घेतलेली. त्यामुळे चेहरा तिचा असणार हे धंद्याच्या हिशोबानेच ठरल्यासारखं होतं. डिझायनर होती डॉन बेली, जी पुढे बीएलटी या मोठ्या एजन्सीची सहसंस्थापक झाली. तिच्यापुढचा खरा प्रश्न एवढाच, की ओळखीच्या आणि सुंदर चेहऱ्याला हात न लावता तो भीतीदायक करायचा कसा.

आता नजरेकडे या, कारण इथेच मला जास्त थांबायचंय.

पिक्चर पुन्हा लावा आणि फक्त एक गोष्ट बघा, कोण कॅमेऱ्यात बघतं आणि कोण नाही. डेमी आणि त्याचा कॅमेरामन टाक फुजिमोटो यांनी एक नियम करून टाकलाय, की क्लॅरिस स्टार्लिंगशी बोलणारी माणसं, मग तो तिचा बॉस क्रॉफर्ड असो, जेलचा तो चिकट डॉक्टर चिल्टन असो की स्वतः लेक्टर, बऱ्याचदा थेट लेन्समध्ये बघून बोलतात. क्लॅरिस मात्र बहुतेक वेळा लेन्सच्या किंचित बाजूला बघते. परिणाम काय होतो, तर आपण तिच्या खुर्चीत बसतो. समोरचे पुरुष आपल्यालाच न्याहाळतात, आपल्यालाच तोलतात, आपल्याच बुटांवरून आणि बोलण्याच्या ढबीवरून आपली लायकी काढतात. सुरुवातीला ती लिफ्टमध्ये शिरते, भोवती लाल टीशर्टवाले तिच्याहून हातभर उंच ट्रेनी आणि मधे ही एवढीशी, तो शॉट आठवा, काही न बोलता सगळं सांगून जातो. लेक्टर तर तिला क्लूच तोच देतो, की माणसाला हव्यास सुटतो तो रोज डोळ्यासमोर दिसणाऱ्या गोष्टीचा, आणि तुझ्या अंगावरून फिरणाऱ्या नजरा तुला जाणवत नाहीत का. म्हणजे अख्खा पिक्चर बघण्याबद्दलच आहे, कोण कुणाकडे बघतंय आणि ज्याच्याकडे बघितलं जातंय त्याला काय वाटतंय याबद्दल.

आणि पोस्टरमध्ये काय केलंय? खुर्च्या बदलल्यात. इथे क्लॅरिस थेट लेन्समध्ये बघते, म्हणजे आपण तिच्या जागी नसून तिच्या समोर आहोत, कोठडीच्या काचेच्या पलीकडे, जिथे लेक्टर उभा असतो तिथे. तो जसा तिच्याकडे पापणी न हलवता बघतो तसे आपण थिएटरच्या बाहेर उभे राहून तिच्याकडे बघतो, आणि ती बोलू शकत नाही, फक्त उलट बघू शकते. पिक्चरमध्ये आपण क्लॅरिसकडे असं शिकाऱ्याच्या डोळ्यांनी बघतो ते अगदी शेवटी, तळघरात, लाईट गेल्यावर, हिरव्या नाईट व्हिजनमधून, जेव्हा ती चाचपडत असते आणि खुन्याचा हात तिच्या केसांच्या इतका जवळ येतो की आपण श्वास धरून बसतो. म्हणजे जी जागा पिक्चर शेवटच्या काही मिनिटांसाठी राखून ठेवतो, त्या जागेवर पोस्टर तुम्हाला तिकीट काढायच्या आधीच उभं करतं. हे डिझायनरने असंच ठरवून केलं असा माझा दावा नाही, रोखून बघणारा चेहरा लक्ष वेधतो हे पोस्टरवाल्यांना कधीचंच माहितीये. पण परिणाम तोच होतो, आणि सिम्बॉल वाचताना परिणाम बघायचा, कर्त्याच्या डोक्यात काय होतं ते शोधत बसायचं नाही, असं माझं आपलं मत.

आता पतंग. हा डेथ्स हेड हॉकमॉथ, ॲकेरॉन्शिया नावाच्या गटातला, डोक्याच्या मागे पाठीवर कवटीसारखा पिवळट डाग असतो म्हणून ते नाव. जगात याच्या तीन जाती, ॲट्रोपोस, स्टिक्स आणि लॅकेसिस, तिन्ही नावं ग्रीक पुराणातली, आयुष्याचा धागा मोजणाऱ्या आणि कापणाऱ्या देवता आणि मेलेल्यांच्या जगातली नदी, सगळा मामला मरणाचा. पिक्चरमधे म्युझियमचे किडेतज्ज्ञ जी जात सांगतात ती स्टिक्स, आशियातली. म्हणजे आपलीच की! स्टिक्स आणि लॅकेसिस दोन्ही भारतात सापडतात, तिळाच्या पिकावर जी बोटाएवढी जाड, शेपटीला शिंग असलेली अळी पडते ती याच घराण्यातली, शेतकऱ्याला त्यात मृत्यूबित्यू दिसत नाही, फक्त खाल्लेली पानं दिसतात. (कादंबरीत मुख्य मान वेगळ्याच पतंगाला आहे, ब्लॅक विच नावाच्या. पिक्चरने कवटीवाला पुढे आणला आणि पोस्टरच्या दृष्टीने ते बरंच झालं, नुसत्या काळ्या पतंगाने एवढं काम केलं नसतं.)

पतंगाचा अर्थ सांगताना सगळे म्हणतात 'ट्रान्सफॉर्मेशन', आणि ते चूक नाहीये. खुनी प्रेतांच्या घशात कोष कोंबतो, त्याला स्वतःला बदलून दुसरंच कुणीतरी, म्हणजे बाई, व्हायचंय, आणि तिकडे क्लॅरिसही ट्रेनीची एजंट होतेय. ठीक. पण बदल एवढंच सांगायचं असतं तर पतंग कुठेही चालला असता ना, डोळ्यावर, कपाळावर, बोटावर. तो तोंडावर का? एक तर सरळ कारण, कोष घशात सापडतो, म्हणजे घशातून बाहेर येऊन पंख पसरून तो ओठांवर बसलाय असं वाटतं, ज्याने पिक्चर बघितलाय त्याला हे दुसऱ्यांदा पोस्टर बघताना कळतं आणि पोटात ढवळतं. दुसरं म्हणजे क्लॅरिसचं हत्यार कुठलं? पिस्तूल शेवटी एकदाच चालतं. बाकी सगळा वेळ ती बोलून लढते. लेक्टरबरोबरचा सौदाच तसा आहे, तू तुझ्या लहानपणाचं सांग, मी तुला खुन्याचं सांगतो. ती बापाच्या मरणाचं सांगते, मोंटानातल्या नातेवाइकांच्या फार्मवर पहाटे कापल्या जाणाऱ्या कोकरांचं ओरडणं सांगते, एक कोकरू उचलून पळाले होते ते सांगते. तिचं तोंड बंद केलं तर केसच बंद. पोस्टरने नेमकं तेच बंद केलंय.

आणि यात एक गंमत आहे जी मला कुणी लिहिलेली दिसली नाही. पतंग हा एकूणच मुका प्राणी, पण हा जो कवटीवाला आहे ना, हा ओरडतो. खरंच. डिवचला की चीं चीं असा उंदरासारखा आवाज काढतो, आणि तो काढतो तोंडातून, घशात हवा ओढून आणि परत बाहेर फेकून. मधाच्या पोळ्यात शिरून मध चोरतो, अंगाच्या वासामुळे माश्यांना तो परका वाटत नाही आणि पकडला गेला तर चिरकतो. म्हणजे बघा, नावात शांतता, गोष्ट किंकाळ्यांची, बाईच्या तोंडाला कुलूप आणि कुलूप म्हणून बसवलेला किडा मात्र ओरडू शकणारा. एवढं सगळं योजून कुणी केलं असेल असं मला वाटत नाही, पण चांगला सिम्बॉल निवडला की तो असा आपणहून जास्तीचं काम करतो.

आता कवटी. खऱ्या पतंगावरची कवटी तशी बावळट असते, लहान मुलाने काढल्यासारखी, लांबून तर नुसता डाग दिसतो. शूटिंगमधे उडणारे पतंग तर या जातीचे नव्हतेच, तंबाखूवर वाढणाऱ्या दुसऱ्या हॉकमॉथच्या पाठीवर कवटीचं छोटं कवच चिकटवून काम भागवलं होतं. पोस्टरवर मात्र डाग काढून त्या जागी एक फोटो बसवलाय, फिलिप हाल्समन या फोटोग्राफरचा, १९५१चा, चित्रकार साल्वादोर दालीबरोबर केलेला. मूळ फोटोत टॉप हॅट घातलेला दाली पुढे उभा आहे आणि मागे सात नग्न बायका अशा रचल्यात की लांबून कवटी दिसते, डोळ्यांच्या खोबणी, नाक, दात सगळं देहांचं. ती रचना जमवायलाच तीनेक तास लागले होते म्हणतात. हा हाल्समन म्हणजे तोच, ज्याने दालीला हवेत उडवून आजूबाजूला मांजरं आणि पाणी फेकून तो प्रसिद्ध फोटो काढला, १९४८चा. दोघांची जोडी अशा उद्योगांची पक्की. आणि कल्पनाही अगदी नवीन नव्हती, १८९२ साली चार्ल्स ॲलन गिल्बर्ट नावाच्या चित्रकाराने आरशासमोर नटणारी बाई काढली होती जी लांबून कवटी दिसते. सौंदर्य आणि मरण एकाच चित्रात कोंबायची ही युरोप-अमेरिकेतली जुनी खोड.

लोकांचा आवडता व्हिडिओ हा, झूम, झूम, आणि मग 'तुम्ही आजपर्यंत हे बघितलंच नव्हतं!' बरं. पण बघितलं नव्हतं तरी पोस्टर चाललंच होतं ना? थिएटरच्या बाहेर पाच-दहा फुटांवरून कुणाला सात बायका दिसणार होत्या? म्हणून मला ही गोष्ट पोस्टरचा गाभा वाटत नाही, ती डिझायनरने तळाशी ठेवलेली सही वाटते, ज्याला फोटोग्राफी माहितीये त्याला डोळा मारलाय.

तरी अर्थाच्या बाजूने ती उगाच नाहीये, आणि इथे जरा कडू बोलायला लागेल. पिक्चरमधला खुनी काय करतो? बायकांची शरीरं कच्चा माल म्हणून वापरतो, त्यांची कातडी शिवून स्वतःसाठी एक वस्तू बनवतो, कोण होत्या, नाव काय, त्याला देणंघेणं नाही. आणि या फोटोतही बायकांची शरीरं वापरून एक वस्तूच बनवलीये, चेहरे दिसत नाहीत, नावं कुणाला माहीत नाहीत, नाव राहिलं दालीचं आणि हाल्समनचं. म्हणजे पोस्टरच्या मधोमध, नखाएवढ्या जागेत, खुन्याच्या कामाची एक सभ्य, कलादालनात टांगता येईल अशी प्रत आहे. याला पोस्टरची हुशारी म्हणायचं की पोस्टरचा आंधळेपणा? मला दोन्ही वाटतं. पिक्चर ज्या नजरेवर बोट ठेवतो त्याच नजरेचा माल पोस्टर वापरतं, आणि बहुधा न अडखळता वापरतं. पण ते कळल्यावर पोस्टर कमी होत नाही, उलट जास्त बोचतं.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चेहरा थंड, पतंग गरम तपकिरी-केशरी, आणि डोळ्यात त्याच गरम रंगाचा अंश, त्यामुळे तीन ठिपक्यांचा त्रिकोण होतो, डोळा, डोळा, तोंड, आणि नजर त्यातच फिरत राहते. फॉस्टरचे खरे डोळे निळे आहेत. ते तांबूस केल्यामुळे पतंग नुसता बसलेला न वाटता आत शिरलेला वाटतो, जणू तिच्या डोक्यात आधीच काहीतरी गेलंय. लेक्टर डोक्यात शिरतो हे पिक्चरचं मुख्य भय, तेव्हा बरोबरच आहे.

पण इथेच माझी एक तक्रारही आहे. ज्याने पिक्चर बघितला नाही त्याला हे पोस्टर बघून काय वाटेल? एक तर ही बाई बळी आहे, किंवा हिला कशाने तरी झपाटलंय. दोन्ही खोटं. क्लॅरिस झपाटलेली नाही आणि बळी तर अजिबातच नाही, तिचं सगळं भांडणच बळी न होण्याचं आहे, आणि शेवटी अंधारात गोळी झाडते ती तीच. बाईचं तोंड बांधून भीती विकणं ही सोपी युक्ती आहे आणि हे पोस्टर कितीही देखणं असलं तरी त्या युक्तीपासून पूर्ण सुटत नाही. त्याच्यानंतर तर काय, पाठोपाठ किती थ्रिलरांनी बायकांच्या तोंडावर हात, टेप, दोरे, फुलं काय काय लावलं, त्यात ना घशातला कोष ना नजरेचा उलटा खेळ, नुसतं बंद तोंड. एका गोष्टीसाठी मात्र पोस्टरला मार्क द्यायलाच हवेत, त्याने खुन्याला दाखवलं नाही. त्या पात्राच्या चित्रणावर तेव्हा समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या संघटनांनी कडक आक्षेप घेतला होता, १९९२च्या ऑस्करच्या वेळी बाहेर निदर्शनंही झाली. पोस्टरवर त्याचा विगवाला चेहरा टाकला असता तर भीती कुणाची वाटायला हवी हे एका झटक्यात ठरून गेलं असतं, आणि चुकीचं ठरलं असतं.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, पिक्चरला बेस्ट पिक्चर, डिरेक्टर, ॲक्टर, ॲक्ट्रेस आणि स्क्रीनप्ले अशी पाचही मोठी ऑस्कर्स, असं तोपर्यंत फक्त दोनदा झालं होतं, १९३४च्या आणि १९७५च्या पिक्चरना. पैसे पुष्कळ आले पण ओरायनला वाचवायला पुरले नाहीत. २००६मध्ये पोस्टर-जाहिरातवाल्यांच्या की आर्ट अवॉर्ड्समध्ये हे पोस्टर मागच्या ३५ वर्षांतलं सर्वोत्तम ठरलं. पण पोस्टरांच्या बाजूने बघितलं तर मला जास्त इंटरेस्टिंग वाटते ती चेहऱ्यांची अदलाबदल. पहिल्या पिक्चरला हॉपकिन्सच्या लालभडक चेहऱ्याचंही पोस्टर होतं, पण लक्षात राहिला फॉस्टरचा पांढरा चेहरा. २००१ला 'हॅनिबल' आला, फॉस्टर त्यात नव्हतीच, क्लॅरिस जुलिअन मूरने केली, आणि पोस्टरवर दणदणीत लेक्टर. म्हणजे दहा वर्षांत थोडाच वेळ दिसलेला माणूस ब्रँड झाला. त्या पोस्टरवर तुम्हाला कुणाच्या जागी उभं राहावं लागत नाही, समोर राक्षस आहे आणि तुम्ही सुरक्षित आहात. भीतीदायक दिसतं, पण त्रास देत नाही.

हाल्समनची कवटी मात्र परत एकदा आली, 'द डिसेंट' या २००५च्या ब्रिटिश हॉररच्या पोस्टरवर, आणि तिथे ती पतंगाच्या पाठीवर लपवलेली नव्हती, अख्ख्या पोस्टरभर होती. त्या पिक्चरमध्ये गुहेत अडकलेल्या सगळ्या बायकाच आहेत, त्यामुळे देहांची कवटी थेट त्यांच्याबद्दल बोलते, एका दमात कळते, दुसऱ्यांदा बघायला काही उरत नाही. तीच रचना, पण एकीकडे ती आख्खी जाहिरात झाली आणि दुसरीकडे नखाएवढी राहून तीस-पस्तीस वर्षं लोकांना झूम करायला लावतेय. आता मोबाईलवर ओटीटीच्या यादीत 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'चा थंबनेल बघा, बोटाच्या पेराएवढा, कवटी तर सोडाच, पतंग कुठला तेही कळत नाही, नुसता एक पांढरा चेहरा आणि तोंडाच्या जागी काहीतरी तपकिरी. तरी स्क्रोल करणारा अंगठा क्षणभर थांबतो, कारण डोळे अजून तसेच बघत असतात.